बॉनेटखाली दडलेली गाडी

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

वर्धा जिल्ह्यातली सर्वांत प्रसिद्ध मोटार कोणती, असं विचारलं तर जुनी मंडळी जिचं नाव घेतात तिला इंजिनच नव्हतं. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. त्या काळात जमनालाल बजाज यांच्याकडची एक जुनी फोर्ड मोटार बैल जुंपून चालवली जाई. ‘ऑक्स’ म्हणजे बैल आणि पुढे ‘फोर्ड’, म्हणून तिला गमतीनं ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. इंजिन नाही, त्यामुळे तेलाची गळती नाही, पेट्रोलचा वास नाही, तापून फुटणारी रबरी नळी नाही. बॉनेटखाली इतकी स्वच्छ गाडी जिल्ह्यात पुन्हा झाली नसेल!

आज बोलायचं आहे ते मात्र इंजिन असलेल्या गाड्यांबद्दल. आर्वी, देवळी, हिंगणघाट, पुलगाव या भागात फिरलात तर अजूनही एखाद्या वाड्याच्या मागं, गोठ्याशेजारच्या छपरीत, ताडपत्रीखाली झाकलेली जुनी गाडी दिसते. बहुतेक वेळा ती फियाट किंवा पद्मिनी असते, नाहीतर अ‍ॅम्बेसेडर, नाहीतर शेतावर राबून थकलेली महिंद्राची जीप. पद्मिनी हे नाव १९७४ साली आलं आणि तिचं उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबलं. मुंबईच्या रस्त्यावरून तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. अ‍ॅम्बेसेडरचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. म्हणजे आता या गाड्या नव्यानं होणार नाहीत. छपरीत उभी आहे ती भंगारवाल्याच्या काट्यावर तरी जाईल, नाहीतर कुणीतरी पदर खोचून ती पुन्हा उभी करील.

अशी गाडी उभी करण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. वडिलांनी घेतलेली, आजोबांनी पोळ्याला धुऊन-पुसून बैलांच्या शेजारी उभी केलेली गाडी. मुलगा पुण्यात किंवा नागपुरात चांगला स्थिरावला की त्याला ती आठवते. सुट्टीत येतो, ताडपत्री काढतो, मिस्त्रीला बोलावतो, आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘‘रंगाला किती लागतील?’’ इथंच सगळं उलटं सुरू होतं. बाहेरचा रंग ही शेवटची गोष्ट आहे. पहिलं काम बॉनेट उघडून आतल्या कप्प्याकडे नीट पाहण्याचं. आणि तिथंही हात चालवण्याआधी नुसतं पाहायचं.

कारण बॉनेटखालचा मळ हा नुसता मळ नसतो. गाडीनं पंचवीस-तीस वर्षांत काय भोगलं याची ती नोंदवही असते. ती वाचण्याआधीच आपण गाडी धुलाई केंद्रावर नेऊन दाबाच्या पाण्यानं धुऊन टाकली, तर गाडी स्वच्छ होते आणि मुकीही होते. मग कुठून काय गळत होतं, कुठल्या वायरीला झळ लागली होती, हे कळायला मार्ग उरत नाही.

ही वही वाचायची कशी? इंजिनाच्या एका बाजूला काळा, ओलसर, चिकट थर असेल तर तेल गळतंय हे कुणीही सांगेल. पण तो थर जिथं सर्वांत जाड आहे तिथं गळतीचं मूळ नसतं. तेल खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागं उडतं. म्हणून डागाची वरची आणि पुढची कड शोधायची. रेडिएटरच्या आसपास पांढरट, हिरवट किंवा तांबूस खरपुडी दिसली तर पाणी गळून वाळलेलं आहे. ब्रेक ऑइलच्या भांड्याखाली रंग फुगून सालीसारखा सुटला असेल तर ते नक्की ब्रेक ऑइलचं काम, कारण नेहमीचं ब्रेक ऑइल रंग खातं. ही खूण सर्वांत मोलाची. इंजिन बंद पडलं तर गाडी रस्त्यात उभी राहते. ब्रेक गेला तर ती उभी राहत नाही. बॅटरीच्या खालचा पत्रा चाळणीसारखा झाला असेल तर आम्ल सांडत होतं. आणि कार्ब्युरेटर किंवा पेट्रोल पंपाखाली पिवळसर-तपकिरी, जणू वार्निश लावल्यासारखा डाग असेल तर तिथं पेट्रोल झिरपून उडून जात होतं. हा डाग पाहिल्यावर त्या गाडीला किल्ली लावण्याचं धाडस करू नये.

या सगळ्याचे फोटो काढून ठेवावेत. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, त्यामुळे सबब चालायची नाही. वायरी कुठून कुठं जातात, नळी कुठल्या क्लिपात बसते, स्क्रू कुठला कुठं, हे तीन महिन्यांनी कुणालाही आठवत नाही, मिस्त्रीलाही नाही. वायरींना चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यावर आकडे घालावेत. नट-बोल्ट रिकाम्या डब्यांत वेगवेगळे ठेवावेत. घरात श्रीखंडाचे डबे साठवण्याची जी सवय आहे तिचं चीज इथं होतं.

आता आपल्या भागाविषयी थोडं. मुंबईची किंवा कोकणातली जुनी गाडी खाऱ्या, दमट हवेनं मरते. पत्रा वरून ठीक दिसतो, पण आतून पोखरलेला असतो. आपल्याकडे वर्षाचे आठ महिने हवा कोरडी, त्यामुळे वऱ्हाडातल्या गाडीचा पत्रा बरेचदा आश्चर्य वाटावं इतका शाबूत निघतो. पण आपले शत्रू वेगळे आहेत. पहिला शत्रू काळी माती. ही कपाशीची माती पाणी धरून ठेवते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तोच तिचा गुण आहे. पण तोच गुण गाडीच्या जिवावर येतो. चाकानं उडालेला चिखल मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत, दुहेरी पत्र्याच्या फटीत जाऊन बसतो. वरून वाळून दगड होतो आणि आत ओल धरून राहतो. पाऊस संपून दोन महिने झाले तरी त्या फटीत गंजाचं काम चालूच असतं. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि अर्धवट ओली माती दोन्ही पुरवते.

दुसरा शत्रू उंदीर. कापूस पिकवणाऱ्या घरातल्या उंदराला गादीची ददात नाही. बंद गाडीचं बॉनेट उघडलं की एअर फिल्टरच्या डब्यात, हीटरच्या पोकळीत, बॅटरीमागच्या खबदाडात कापसाची मऊ घरटी निघतात. हे पाहून हसू येतं, पण त्या कापसात उंदरांचं मूत मुरलेलं असतं आणि त्यानं खालचा पत्रा सडतो. वायरींवरचं आवरण कुरतडलेलं असतं ते वेगळंच. उघडी तार, कोरडा कापूस आणि वर झिरपणारं पेट्रोल यांची एकत्र गाठ पडली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून घरटं निघालं की पुढचं काम सोडून आधी सगळी वायरिंग हातानं चाचपून पाहावी. घरटी काढताना तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेत, आणि आधी पाणी शिंपडून ती ओली करावीत. कोरडी झाडली की घाण नाकात जाते.

साफसफाईची सुरुवात बॅटरी सोडवण्यापासून. बॅटरीचं जे टोक बॉडीला जोडलेलं असतं ते आधी काढायचं. साधारणपणे ते ऋण टोक असतं, पण इंग्रजी वळणाच्या काही फार जुन्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणून रंगावर न जाता वायर कुठं जाते ते पाहावं. बॅटरीच्या तळाशी आम्ल सांडलेलं असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतावा. फसफसणं थांबलं की आम्ल मेलं.

त्यानंतर मळ काढायचा तो कोरडाच. लाकडी पट्टी किंवा बोथट पुट्टीपत्ती घेऊन तेलकट थर खरवडून काढायचा आणि वर्तमानपत्रावर गोळा करायचा. निम्म्याहून जास्त घाण अशीच निघते. उरलेल्यासाठी डिझेल किंवा बाजारात मिळणारं डिग्रीझर आणि ब्रश. पेट्रोलनं धुणारे महाभाग अजूनही आहेत. पेट्रोल मळ झटकन काढतं खरं, पण त्याची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत, गाडीखालच्या खड्ड्यात साचून राहते आणि कोपऱ्यातल्या एखाद्या ठिणगीची वाट पाहते. आणि हे काळं पाणी, डिझेल आणि तेल अंगणातल्या नालीत सोडायचं नाही. आपल्याकडची नाली शेवटी कुणाच्या तरी विहिरीकडे किंवा धाम नदीकडे जाते. भुसा किंवा कोरडी माती टाकून ते शोषून घ्यावं आणि तेल गोळा करणाऱ्याच्या स्वाधीन करावं.

पाण्याचा मारा करायचाच असेल तर इंजिन थंड असताना, आणि डायनामो, डिस्ट्रिब्यूटर, कार्ब्युरेटरचं तोंड पॉलिथिननं घट्ट बांधून. इंजिन गाडीतून बाहेर काढलेलं असेल तर प्रश्नच नाही, आणि खरं काम नीट करायचं तर ते बाहेर काढावंच. इंजिन जागेवर ठेवून भोवतीनं रंग मारणं म्हणजे माणूस खाटेवर झोपलेला असताना खाट सारवण्यासारखं आहे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. तो तेलकट, घाणेरडा थर इतकी वर्षं पत्र्याची राखण करत होता. तेलाखालच्या लोखंडापर्यंत पाणी पोचत नाही. म्हणून इंजिनाजवळचा सर्वांत मळका पत्रा खरवडला की आत कारखान्यातला मूळ रंग चकचकीत निघतो, आणि जिथं तेल कधी पोचलंच नाही त्या बॅटरीच्या कोपऱ्यात भोकं निघतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की, मळ काढला की आपण पत्र्याचं पांघरूण काढून घेतलं. उघडा पत्रा दमट दिवसांत काही तासांत तांबूस पडतो. तेव्हा ज्या आठवड्यात प्राइमर मारायचा त्याच आठवड्यात पत्रा उघडा करावा. दिवाळीत साफ केली आणि रंग उन्हाळ्यात बघू, असं करायचं असेल तर मळ आहे तसाच राहू द्यावा. गाडी त्यात जास्त सुखी राहील.

आता एका गाडीचं उदाहरण देतो. आर्वीकडच्या एका शेतकरी कुटुंबाची १९७४ सालची पद्मिनी गेल्या हिवाळ्यात उभी राहताना मी जवळून पाहिली. घरातल्या सगळ्यांच्या आठवणीत ही गाडी पांढरी. लग्नाचे फोटो पांढऱ्या गाडीचे, काकांना दवाखान्यात नेलं ते पांढऱ्या गाडीतून. बॉनेटखालचा मळ निघाला तसा आत फिकट निळा रंग दिसू लागला. कागदपत्रांची पिशवी शोधली तर नोंदणी पुस्तकातही रंग निळाच. मधे केव्हातरी गाडी बाहेरून पांढरी झाली होती आणि कागद मागंच राहिले होते. मग घरात दोन तट पडले. आजी म्हणाली, ‘‘आमच्या ह्यांनी आणली तेव्हा निळीच होती, तुम्हाला काय माहीत!’’ आणि प्रश्न मिटला. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मूळ रंगाचा पुरावा हवा असेल तर तो बाहेर शोधू नये. बाहेरचा रंग उन्हानं विटलेला असतो, वर तीन-चार वेळा चढवलेला असतो. बॉनेटखाली, भांड्यांच्या आणि पट्ट्यांच्या मागं जिथं ऊन पोचत नाही, तिथं पन्नास वर्षांपूर्वीची छटा जशीच्या तशी सापडते. तेवढा तुकडा दाखवला की रंग मिसळून देणारा दुकानदार छटा जुळवून देतो.

बॉनेटखाली आणखी एक गोष्ट दडलेली असते, आणि ती रंगाहून महत्त्वाची. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. काही गाड्यांत ते पत्र्यावर ठोकलेले असतात, काहींत पट्टीवर. आरटीओचा निरीक्षक कागद ठेवून पेन्सिल घासून या नंबराचा ठसा घेतो आणि कागदपत्रांशी ताडून पाहतो. उत्साहाच्या भरात कुणी तिथं ग्राइंडर फिरवला किंवा वर पुट्टीचा थर दिला, तर सोन्यासारखी गाडी कागदोपत्री अनाथ होते. तो नंबर कुणी मुद्दाम घासला की चुकून, हे सांगता सांगता मालकाच्या नाकी नऊ येतात. तेव्हा नंबराची जागा पहिल्याच दिवशी हलक्या हातानं साफ करावी, फोटो काढावा आणि काम संपेपर्यंत चिकटपट्टीनं झाकून ठेवावी. रंग देताना तिथं एकच पातळ हात.

याला आता वेगळं महत्त्व आलं आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र स्थान दिलं. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचं ५ हजार, मुदत १० वर्षं. नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला किंवा भाड्यानं नाही. म्हणजे जी माणसं हौसेपोटी पद्मिनीत दुसरंच डिझेल इंजिन बसवतात त्यांनी आधी विचार करावा.

पत्रा उघडा झाला की गंज दिसतो, आणि गंजाच्या बाबतीत सरसकट नियम नाही. वरवरचा गंज तारेच्या ब्रशनं, पॉलिश पेपरनं आणि मग फॉस्फोरिक आम्लाच्या गंजनाशकानं जातो. पण स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबल्यावर पत्रा खचत असेल तर तिथं कापून नवा पत्रा वेल्ड करण्यावाचून गत्यंतर नाही. जीपला खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा असतो, तिचा मडगार्ड सडला तर मडगार्डच सडला. फियाट-पद्मिनीला आणि अ‍ॅम्बेसेडरला तसा सांगाडा नाही. तिथं बॉडीचा पत्राच भार पेलतो. बॉनेटखालच्या दोन्ही बाजूंच्या भिंती म्हणजे गाडीच्या बरगड्या आहेत. तिथल्या भोकात पुट्टी भरून वर रंग मारणारा मिस्त्री स्वस्तात काम करून देतो, हे खरं. पुढं एखाद्या खड्ड्यात सस्पेन्शनची जोडणी उखडली तर त्याची किंमत गाडीत बसलेली माणसं देतात.

वाळूचा मारा करून पत्रा साफ करण्याचा मोह टाळावा. त्या जोरानं पातळ पत्रा वाकडा होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस या आजारावर बरं करणारं औषध नाही. जुन्या रंगात शिसंही असू शकतं, म्हणून तो कोरडा न घासता पाणी लावूनच घासावा आणि लहान मुलांना, अंगणातल्या पापड-कुरडयांना त्यापासून लांब ठेवावं. जुन्या सायलेन्सरच्या गॅसकेटमध्ये आणि ब्रेकच्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. तिथं कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी.

आता रंग. आपल्याकडे रंगाच्या कामाचं गणित हवामानावर ठरतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की गनमधून निघालेल्या थेंबातलं थिनर पत्र्यावर पोचण्याआधीच उडून जातं आणि रंग रव्यासारखा खरखरीत बसतो. पावसाळ्यात उलटा त्रास. थिनर उडताना पत्रा थंड पडतो, आणि बर्फाच्या पाण्याच्या पेल्याबाहेर जसं दव धरतं तसं दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. जुन्या पद्धतीचा एनसी, म्हणजे ज्याला लोक अजून ‘ड्यूको’ म्हणतात, तो यामुळे पांढुरका पडतो. तेव्हा दिवाळी ते होळी हा उत्तम काळ. पण तोच कपाशीचा हंगाम! जिनिंग चालू, रस्त्यावर पराटीचा आणि कापसाचा कचरा, हवेत तंतू. ओल्या रंगावर एक तंतू बसला की तो तिथलाच. म्हणून जमिनीवर पाणी शिंपडावं, पडदे लावावेत आणि वारा पडल्यावर, सकाळी, काम करावं.

बॉनेटखाली कुठला रंग वापरावा, यावर मिस्त्र्यांची मतं अनेक. माझं मत असं की बाहेर हौसेनं एनसी लावा, त्याची झळाळी वेगळीच. पण आत पेट्रोल आणि तेलापुढं तो कमी टिकतो. आत आधी उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्राइमर आणि वर हार्डनर मिसळून लावायचा पीयू रंग बरा. मात्र त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट श्वासातून गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. ज्याच्याकडे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि मोकळी जागा आहे अशा पेंटरकडूनच ते काम करून घ्यावं. तशी सोय नसेल तर साधा सिंथेटिक इनॅमल लावावा. तो वाळायला वेळ घेतो, एवढंच.

पुष्कळांना वाटतं, इंजिनाच्या उष्णतेनं आतला रंग जळेल. तसं होत नाही. इंजिनातलं पाणी ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास असतं, आणि भोवतालचा पत्रा त्याहून बराच थंड. खरा तापतो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. त्याचं तापमान काहीशे अंशांवर जातं, म्हणून त्याला उष्णता सोसणारा खास रंगच हवा, आणि तो गाडी थोडी-थोडी चालवून भाजून पक्का करावा लागतो. पहिल्या दोन-तीन वेळा धूर येतो. त्यानं घाबरून कुणी पाण्याची बादली ओतू नये!

आत पुट्टी मात्र नको. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हाही आतला पत्रा आरशासारखा नव्हता. स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे, पत्र्याचे जोड हे दिसलेच पाहिजेत. जाणकार तेच पाहतात. शिवाय हादऱ्यांनी आणि गरम-थंड होऊन पुट्टीला तडे जातात, त्यात पाणी शिरतं. पातळ प्राइमर, जोडांच्या फटींत सीलर आणि रंगाचे दोन-तीन पातळ हात, एवढं पुरे. बॉडीला जिथं अर्थिंगची वायर बसते तिथला रंग खरवडून पत्रा उघडा ठेवावा. रंग वीज वाहू देत नाही. नव्यानं रंगवलेली गाडी स्टार्टरला दाद देत नाही, दिवे मिणमिणतात, आणि मिस्त्री नवी बॅटरी घ्यायला सांगतो, तेव्हा बरेचदा कारण त्या एका रंगलेल्या बोल्टाखाली असतं.

आणि इंजिन परत बसवण्याआधी सगळ्या रबरी नळ्या बदलाव्यात, वरून चांगल्या दिसत असल्या तरी. हे मी आग्रहानं सांगतो, कारण आता पंपावर मिळणारं पेट्रोल १९७४ सालचं नाही. त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्या काळचं रबर इथेनॉलसाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. इथेनॉलला चालेल असं लिहिलेली नळी मागून घ्यावी, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे वॉशरही त्याच जातीचे. बॉनेटखालून आग लागण्याचं मोठं कारण झिरपणारं पेट्रोल आहे, आणि जुन्या गाडीत तर अधिकच.

आत फिकट रंग का द्यावा आणि काळा का देऊ नये, याचं उत्तरही इथंच आहे. काही पेंटर सगळा कप्पा काळा मारून देतात. मळ दिसत नाही, गिऱ्हाईक खूश. पण काळ्या पत्र्यावर गळतीही दिसत नाही. आर्वीच्या त्या पद्मिनीला आतून मूळ फिकट निळाच दिला होता. संक्रांतीच्या सुमारास ती पहिल्यांदा रस्त्यावर आली, वर्ध्यापर्यंत जाऊन परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीचं बॉनेट उघडून मिस्त्रीनं टॉर्च फिरवला. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली, नव्या निळ्या रंगावर, बोटाच्या पेराएवढा ओला पट्टा होता आणि रंग सुरकुतायला लागला होता. नळीचा नट अर्धा फेरा सैल राहिला होता. पान्यानं तो आवळला, पाण्यानं जागा धुऊन काढली, ब्रेकमधली हवा काढली. सुरकुतलेला तेवढा रंग घरच्यांनी पुन्हा लावून घेतला नाही. मिस्त्रीनंच नको म्हणून सांगितलं. आणखी महिनाभर तिथंच टॉर्च मारून पाहायचं होतं.